वणवा लागायच्या आधीचं काम

मी सातारा तालुक्यातला, परळी खोऱ्यातला. सज्जनगडाकडनं वर ठोसेघर-चाळकेवाडीला जाताना गवताळ डोंगरसोंडा दिसतात ना, त्यातल्याच एका सोंडेच्या पोटात आमची वाडी आहे. लॉकडाऊनला मुंबईवरनं गावी आलो तो परत गेलोच नाही, आणि तेव्हापासून हिवाळा लागला की पहिला पाऊस पडेपर्यंत वनखात्याकडं हंगामी फायर वॉचर म्हणून काम करतो. वनरक्षक भरतीची तयारी करणारी पोरं सारखी विचारतात की तुम्ही नक्की करता काय, आग लागली की पळत जाऊन विझवायची एवढंच ना? तर एवढंच नाहीये, उलट ते सगळ्यात शेवटचं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वणव्याला तीन गोष्टी लागतात, उष्णता, हवा आणि जळण. मार्चमधलं दुपारचं ऊन आणि सड्यावरचं, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारावरचं, वारं कोणाच्या बापाला थांबवता येत नाही. काडी कोण टाकेल तेही सांगता येत नाही. आपल्याकडं वीज पडून वणवा लागणं फारच क्वचित, कारण वीज येते ती वळवाबरोबर आणि पाऊस घेऊनच येते, म्हणजे जो काही वणवा लागतो तो माणसाच्याच हातनं लागतो, कधी मुद्दाम कधी चुकून. कोणी नाचणीचा राब, म्हणजे रोपांसाठीची जमीन पालापाचोळा टाकून, भाजताना बांधापलीकडं लक्ष ठेवत नाही, कोणी बांध पेटवून घरी जेवायला जातो, कोणी पर्यटक चूल तशीच सोडून निघतो, कोणी ससा-रानडुक्कर बाहेर काढायला गवत पेटवतो. समजावून सांगतो आम्ही, पण एवढ्या मोठ्या खोऱ्यात प्रत्येक माणसाच्या खिशातली काडेपेटी कोण सांभाळणार. राहिलं फक्त जळण. आगीला खायला किती मिळणार आणि ती कुठं अडणार एवढंच आपल्या हातात असतं, आणि ते काम डिसेंबर-जानेवारीतच करावं लागतं, मार्चमध्ये करून काही उपयोग नाही.

आता हे जळण वाढलंय का तर वाढलंय, आणि त्याचं कारण आमच्या गावातच आहे. आमच्या आज्याच्या काळात घरटी आठ-दहा जनावरं असायची. दिवाळी उरकली की अख्खी वाडी विळे घेऊन सड्यावर, डोंगराच्या पट्ट्या वाटून घेतलेल्या, कापायचं, पेंढ्या बांधायच्या आणि भारे डोक्यावरनं खाली आणून वळई रचायची. होळीपर्यंत डोंगराच्या अंगावर बोटभर गवत उरायचं, त्याला आग लागली तरी ती रांगत जायची आणि पोरंसोरं पण विझवायची. आता तरणी माणसं मुंबई-पुण्याला, कोण माथाडीत कोण कंपनीत, गावात राहिले म्हातारे. जनावर असलंच तर गोठ्यात बांधलेली एखादी जर्सी, तिला खाली उसाचं वाडं आणि मका मिळतो, गवतासाठी सड्यावर चढतंय कोण? मग ते कंबरेएवढं कुसळीचं गवत जागेवरच उभं वाळतं, पुढच्या वर्षी त्याच्यातनंच नवीन येतं. त्यात घाणेरी वाढलीय, रानमोडी वाढलीय, दोन्ही रान व्यापणारी झुडपं. आणि कारवी आहेच, ती सात-आठ वर्षांनी एकदाच सगळी फुलते आणि बी पडलं की सगळीच्या सगळी वाळून काठ्या होऊन उभी राहते. कारवी फुलली की फोटो काढायला गर्दी होते, आम्ही मात्र पुढच्या उन्हाळ्याचा विचार करत असतो.

कामावर घेताना परीक्षा वगैरे नसते. बीटच्या, म्हणजे जंगलाचा जो भाग एका वनरक्षकाकडं असतो त्याच्या वनरक्षक, आमच्याकडं मॅडम आहेत, त्या गावात येऊन वनसमितीला सांगतात की इतकी माणसं लागतील, मग ज्याला डोंगर माहिती आहे, चालायची सवय आहे त्याला घेतात. रोजंदारी असते, पावसाळ्यात काम बंद. माझं भाग्य असं की मला पहिल्यापासून तात्यांच्या जोडीला टाकलं. तात्या म्हणजे गावातलेच, साठीच्या पुढचे, जन्मभर वनमजूर म्हणून काम केलेले. त्यांनी पहिल्या दिवशी मला खालनं वरपर्यंत डोंगर दाखवला आणि विचारलं, "पोरा, हितं आग लागली तर तू कुठं उभा राहशील?" मी वरच्या कड्याकडं बोट दाखवलं तर म्हणाले, "वर कधी नाय. आग चढाला पळती, माणूस चढाला दमतो. जळाल्याली जागा बघून ठेवायची, त्याच अंगाला राहायचं." नंतर वनखात्याच्या ट्रेनिंगमध्ये साहेबांनी हेच सांगितलं, की चढ साधारण दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, कारण ज्वाला वरच्या गवताला आधीच तापवून ठेवते. तात्यांना अंश-बिंश काही माहिती नाही, पण हिशोब तोच.

त्याच ट्रेनिंगमध्ये जळणाचे प्रकार सांगितले ते माझ्या कायम डोक्यात बसलेत. गवत, वाळका पाला, पेन्सिलीपेक्षा बारीक काटकी हे एक तासाचं जळण, म्हणजे हवा कोरडी झाली की तासाभरात तेही कोरडं होतं, सकाळी दव पडलेलं असतं आणि अकरा वाजता तेच गवत हातात घेतलं तर कटकन मोडतं. अंगठ्याएवढ्या फांद्या दहा तासाचं, मनगटाएवढ्या शंभर तासाचं, आणि मोठी खोडं हजार तासाचं. सह्याद्रीतला वणवा पळतो तो एक तासाच्या जळणावर, पण दोन-दोन दिवस धुमसत राहतो आणि परत पेटतो तो खोडांवर. आणि मधे शिडी नसली पाहिजे. शिडी म्हणजे खाली गवत, त्याच्यावर घाणेरीची जाळी, त्याच्यावर वेल, आणि वेलावरनं आग सरळ झाडाच्या शेंड्यात. नुसत्या गवताची आग असेल तर जांभूळ, हिरडा, ऐन ही मोठी झाडं बुंध्याला काळी होऊन जगतात, पण बुंध्यात घाणेरी असेल तर झाड संपलं. हे एकदा कळलं की डोंगराकडं बघायची नजरच बदलते.

साहेबांनी तेव्हा अमेरिकेतलं पण सांगितलं होतं. १९१० साली तिकडं आयडाहो-मोंटाना भागात प्रचंड वणवा लागला, दोनच दिवसात जवळपास तीस लाख एकर जंगल जळालं, पंच्याऐंशीच्या आसपास माणसं गेली आणि त्यातले बहुतेक आग विझवायला गेलेलेच होते. एड पुलास्की नावाच्या रेंजरनं आपली माणसं एका खाणीच्या बोगद्यात नेऊन त्यातली बहुतेक वाचवली, आणि एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळ असलेलं हत्यार आजही त्याच्या नावानं ओळखलं जातं. या वणव्यानंतर त्यांनी ठरवलं की दिसेल ती प्रत्येक आग विझवायचीच, १९३५ मध्ये तर नियमच केला की आज दिसलेली आग उद्या सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. पण तिकडच्या बऱ्याच जंगलात अधूनमधून लहान आग लागायची आणि खालचं जळण साफ व्हायचं, ते थांबलं, जळण साठत गेलं आणि पुढं लागल्या त्या आगी आवरेनात. आता तिकडं फायर फायटर वर्षातले कित्येक महिने आग विझवत नसतात, झुडपं तोडत असतात, ढीग लावून हिवाळ्यात जाळत असतात, ठरवून हलकी आग देत असतात. मला हे ऐकून फार बरं वाटलं, की आपण जे विळा घेऊन करतोय ते अडाणीपणाचं काम नाहीये, जगभर हेच करतात. फरक एवढाच की त्यांच्याकडं आग फार वर्षं थांबली होती आणि आपल्याकडं ती दरवर्षी येते, त्यामुळं आपल्याला डोंगर पेटवून द्यायची गरज नाहीये. आपल्याकडं बारकी रोपं दोन पावसाळे बघत नाहीत तोवर जळतात, म्हणून आमच्या सोंडांवर जुनी झाडं आहेत आणि त्यांची पोरं दिसत नाहीत. आपल्याला गवत कापून, पट्टे मोकळे करून आग छोट्या तुकड्यात अडकवायची आहे.

तर आता प्रत्यक्ष जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत-पाला काढून मोकळा केलेला पट्टा. वणव्याचा हंगाम धरतात १५ फेब्रुवारी ते १५ जून, त्याच्या आत सगळ्या रेषा पूर्ण पाहिजेत. रेषा कुठनं जाणार ते ठरलेलं असतं, जंगलाच्या बाहेरच्या हद्दीला रुंद, म्हणजे आमच्या बीटमध्ये बारा मीटर, आणि आत कंपार्टमेंटच्या, म्हणजे वनखात्यानं पाडलेल्या जंगलाच्या तुकड्यांच्या, हद्दीला सहा मीटर. रस्त्याच्या कडेला पण काढतो कारण बिडी-सिगारेट तिथंच पडते. पद्धत अशी की पट्ट्याच्या दोन्ही कडांना आधी एक-एक मीटर गवत मुळापासनं कापायचं आणि दाताळ्यानं माती दिसेपर्यंत ओढून काढायचं, ओढलेलं सगळं आत टाकायचं. मग मधला पट्टा वाळू द्यायचा आणि नंतर तो जाळून काढायचा. वाचायला सोपं वाटतं. चढावर, दगडात, दोन्ही पाय तिरके ठेवून दिवसभर वाकून विळा चालवला की संध्याकाळी कंबर सरळ होत नाही, आणि कुसळं मोज्यातनं आत जाऊन घोट्याला टोचतात ती रात्री बसून एकेक काढावी लागतात. विळा टाकायच्या आधी काठीनं गवत हलवून घ्यायचं कारण सड्यावर फुरसं फार. दगडाच्या कपारीत हात घालायचा नाही हे सांगावं लागत नाही, एकदा फुरशाचा तो करवतीसारखा आवाज ऐकला की आयुष्यभर लक्षात राहतं.

जाळायचा दिवस मॅडम ठरवतात. आदल्या संध्याकाळी गावात निरोप द्यायचा, शेजारच्या बीटला कळवायचं. आमच्याकडं वारं कळायला एक सोय आहे, चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या. त्यांची तोंडं कुठं आहेत आणि पाती कशी फिरतायत ते लांबनं दिसतं, त्यामुळं खाली आमच्या ओढ्यात वारं पडलेलं असलं तरी वर काय चाललंय ते समजतं. पाती जोरात असली की त्या दिवशी काडी ओढायची नाही, मग कितीही माणसं जमलेली असू देत. जाळायचं ते पहाटे दव उतरता उतरता किंवा मग संध्याकाळी वारं पडल्यावर. आग लावायची वरच्या टोकाला, म्हणजे ती चढाच्या आणि वाऱ्याच्या उलटी, खाली सरकत येते, गुडघ्याएवढीच राहते. दोन्ही कडांना माणसं उभी, हातात ओल्या पाल्याचे डहाळे, आणि दोघांच्या पाठीवर शेतात औषध मारायचा सोळा लिटरचा पंप, त्यात नुसतं पाणी. एखादी जीभ कडेबाहेर गेली की पंपवाला फवारा मारतो आणि डहाळेवाला दाबतो. तात्या पूर्ण वेळ आगीकडं बघत नाहीत, पाठ करून उभे राहतात आणि मागच्या न जळालेल्या गवतात ठिणगी कुठं पडतीय ते बघतात. मी बघून बघून शिकलो ते हेच, सगळ्यांनी आगीकडं बघत बसायचं नसतं, एकानं तरी पाठमोरं राहायचं.

गेल्या दोन-तीन हंगामात आम्ही एक बदल केलाय आणि मला वाटतं तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. जिथं रेषा गावाच्या जवळनं जाते तिथं जाळायच्या ऐवजी पूर्ण पट्टा कापूनच घ्यायचा आणि गवत ज्याला पाहिजे त्यानं न्यायचं. सुरुवातीला कोणी येईना, मग मॅडमनी बचतगटाच्या बायकांना विचारलं. आमच्या चुलत काकू पहिल्यांदा आल्या, चार भारे घेऊन गेल्या, मग त्यांचं बघून बाकीच्या. शेळ्यावाल्यांनी नेलं, खालच्या गावातला एक गोठेवाला टेम्पो घेऊन आला. जे गवत मार्चमध्ये डोंगर घेऊन जळलं असतं ते गोठ्यात गेलं, आणि आम्हाला जाळायचं काम राहिलं नाही, धूर नाही, रिस्क नाही. ज्या पट्ट्यात गवत बायकांनी नेलंय तिथं नंतर फक्त पाला साफ ठेवायचा. त्याला ब्लोअर असतो, हवेच्या झोतानं पाला उडवायचा, पाठीवरचा पेट्रोलचा, लिटरला वीस एमएल टू-स्ट्रोक ऑइल मिसळून. झाडं पानं टाकत राहतात त्यामुळं एकदा काढलेली रेषा पंधरा दिवसात परत पाल्यानं भरते, हे लोकांना माहिती नसतं, त्यांना वाटतं जानेवारीत काढली म्हणजे झालं. फेब्रुवारी ते एप्रिल आम्ही ब्लोअर घेऊन त्याच रेषांवर परत परत फिरत असतो.

मग हंगाम सुरू. दिवसभर टेहळणीच्या जागेवर बसायचं, दुपारी बारा ते पाच डोळा हलवायचा नाही. मोबाइलवर अलर्ट पण येतात, डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडनं, उपग्रहाला जिथं उष्णता दिसते तिथला अक्षांश-रेखांश आणि बीट. त्याचा फायदा खूप आहे, रात्री लागलेली आग पण कळते. पण त्या उपग्रहाच्या फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा पावणेचारशे मीटर लांब-रुंद तुकडा, आणि तो आपल्या डोक्यावरनं जातो दुपारी दीडच्या आसपास आणि रात्री दीडच्या आसपास. तीन वाजता कोणी गवत पेटवलं तर पुढच्या फेरीपर्यंत डोंगर संपलेला असतो. त्यामुळं माणसाचा डोळा लागतोच. धुराचा रंग बघायला शिकावं लागतं, पांढरा धूर म्हणजे ओलं काहीतरी किंवा राब, पिवळट-करडा आणि तिरका पळणारा धूर म्हणजे उभं वाळकं गवत, तो दिसला की निघायचं.

एका मार्चमधला प्रसंग सांगतो, कारण त्यात सगळं आलंय. शिमग्याच्या आसपासचे दिवस, दुपारी तीनच्या सुमाराला खालच्या ओढ्यातनं धूर उठला, आम्ही फोन केला आणि निघालो. पोचेपर्यंत आग चढाला लागली होती, गवतातनं जाताना वणव्याचा आवाज येतो, फडफड नाही, सरळ मोठ्या पावसासारखा आवाज येतो, आणि तोंडावर एवढी झळ की पन्नास फुटांवर उभं राहवत नाही. अशा आगीच्या तोंडाला जायचंच नसतं. पोरं व्हिडिओ बघून येतात आणि समोर जाऊन झोडपायला लागतात, ते सगळ्यात धोक्याचं. आम्ही शेपटाकडनं, जळालेल्या बाजूनं आत गेलो आणि आगीच्या दोन्ही कुशी, म्हणजे बाजू, धरून दाबत वर निघालो. डहाळा वर उचलून आपटायचा नसतो, आपटला की निखारे उडून पलीकडं पडतात, तो आगीवर दाबून जळालेल्या अंगाला ओढायचा, दाबायचा आणि ओढायचा. पाच-सात मिनिटांनी माणूस बदलायचा.

वरती सहा मीटरची रेषा होती, आमच्याच हातची, बायकांनी गवत नेलेली आणि आदल्या आठवड्यात ब्लोअर मारलेली. आग तिथं आली आणि अक्षरशः बसली. म्हणजे मी बघत होतो, दीड पुरुष उंच ज्वाला रेषेच्या कडेला आली, दोन-तीन वेळा पुढं झुकली, खाली जळायला काही नाही म्हटल्यावर गुडघ्यावर आली आणि मग नुसता धूर. एका ठिकाणी मात्र पलीकडं गेली. रेषेच्या खालच्या अंगाला पांगाऱ्याचं एक वाळकं खोड उभं होतं, त्याला शेंड्यापर्यंत आग लागली आणि त्याचे निखारे वाऱ्यानं रेषेवरनं उडाले. तिथं तात्यांनी आधीच दोन माणसं पाठमोरी उभी केली होती, त्यांनी तीन ठिकाणच्या ठिणग्या जागेवरच दाबल्या. त्या रेषेच्या वर जवळपास पूर्ण सडा होता आणि सड्यापलीकडं दाट झाडी, तिथं भेकरं असतात, पावसाळ्याआधी टिटव्या आणि चंडोल उघड्यावर अंडी घालतात. सगळं वाचलं. दुसऱ्या दिवशी गावात लोकांनी आम्हाला आग विझवल्याबद्दल शाबासकी दिली, बरं वाटलं, पण आग आम्ही विझवली नव्हती, तिला जानेवारीतच जागा दिली नव्हती. काकूंना कोणी काही म्हटलं नाही, म्हणून मी मुद्दाम त्यांच्या घरी जाऊन सांगितलं की काकू तुम्ही भारे नेले तिथं आग थांबली. त्यांना खरंच वाटेना.

ज्वाला दिसायची बंद झाली म्हणजे काम संपलं असं नसतं. खरं तर त्यानंतरचे चार-सहा तास सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात गरजेचे. कडेनं फिरायचं, उलट्या हातानं जमिनीची धग बघायची, धुमसणारी खोडं जळालेल्या आतल्या भागात ढकलायची, मुळं धुमसत असली तर उकरून माती-पाणी मारायचं. आमच्याकडं एक खास गोष्ट म्हणजे वाळलेली शेणं. सड्यावर जनावरांची शेणं पडून गोवरीसारखी वाळलेली असतात, ती आतनं तासन् तास धुमसतात, वरनं राख दिसते, आणि चढावर सुटली की गरगरत खाली न जळालेल्या गवतात जातात. प्रत्येक शेण काठीनं उलटं करून फोडायचं. रात्री हेडटॉर्च लावून हे करत असताना वारं डोंगरावरनं खाली वाहायला लागतं, धूर सगळा दरीत उतरतो, डोकं जड होतं. कपडे सुतीच आणि पूर्ण बाह्यांचे पाहिजेत, नायलॉनचा टी-शर्ट घातलेल्याला मॅडम लाइनवर घेतच नाहीत, ठिणगी पडली की तो वितळून कातडीला चिकटतो. जवळ पाणी, ओआरएस, आणि आमच्या घरनं भाकरी-ठेचा. ज्यांना भरतीनंतर हे काम करायचंय त्यांनी पळायच्या प्रॅक्टिसबरोबर पाठीवर वीस किलो घेऊन चढ चढायची प्रॅक्टिस करा, ग्राउंडवरचा वेग इथं फारसा कामाला येत नाही.

गावातल्या म्हाताऱ्यांशी बोलणं हा पण कामाचाच भाग. "जाळलं की गवत जोमानं फुटतं" हे प्रत्येक जण सांगतो आणि ते काही वेडे नाहीत, काळ्या जमिनीवर हिरवे कोंब लवकर डोळ्यात भरतात आणि जुनी काडी मधे येत नाही म्हणून जनावराला चरायला सोपं जातं. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. कापलेल्या पट्ट्यात नेऊन दाखवतो, तिथंही पहिल्या पावसानं कोंब फुटतातच आणि जुनी काडी तिथंही नसते, वर गवत विकत न घेता मिळालेलं असतं. आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात जळालेल्या सोंडेखालचा ओढा बघायला नेतो, राख आणि माती मिळून पाणी नुसतं काळं येतं, शेजारच्या न जळालेल्या सोंडेचा ओढा त्याच वेळी जरा गढूळ फक्त. आमच्या डोंगरावर माती आहेच किती, टीचभर, खाली सगळा कातळ. ती एकदा उरमोडी नदीत गेली की परत आणणार कोण. हे बघितल्यावर एका आजोबांनी आपला बांध पेटवायच्या आधी आम्हाला फोन करायला सुरुवात केली, आम्ही दोघं जातो, उभे राहतो, काम करून येतो. कायदा पण आहेच, १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ खाली राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे, आणि ज्यांना जंगलात चराई वगैरेचे हक्क आहेत त्यांनी आग विझवायला मदत करणं कलम ७९ प्रमाणं बंधनकारक आहे. पण कलम सांगितल्यावर लोक गप्प बसतात, आणि ओढा दाखवल्यावर बोलायला लागतात, असा माझा अनुभव.

मे महिन्यात वळीव पडायला लागला की वणव्याचा जोर ओसरतो आणि माती ओली झाली की आम्ही घाणेरी काढायला घेतो. ती नुसती वरनं तोडून उपयोग नाही, तोडली की दुप्पट फुटते. मातीखाली दोन-तीन बोटं जाऊन मुख्य मूळ कापायचं, झुडूप उपटून मुळं वर करून उलटं ठेवायचं म्हणजे परत जमीन धरत नाही. आणि सगळ्यात आधी जुन्या हिरड्या-जांभळांच्या बुंध्यातली काढायची, बाकीची नंतर, कारण एका हंगामात सगळी निघत नाही. मोकळ्या केलेल्या जागेत परत गवत आलं पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी तिथं घाणेरीचीच रोपं उगवतात, त्यामुळं मारवेल गवताचं बी टाकतो.

यंदा वरच्या दोन वाड्यांशी बोलणं चालू आहे की त्यांच्या बाजूची पूर्ण रेषा जाळायची नाही, कापायचीच. तिथं गवत नेणारं माणूस कमी आहे, रस्ता पण अर्ध्यापर्यंतच जातो, म्हणून भारे खाली आणायला खालच्या गोठेवाल्याचा टेम्पो कुठपर्यंत चढेल ते बघतोय. परळी खोऱ्यातल्या किंवा आसपासच्या कोणाला गवत पाहिजे असेल, किंवा कापायला यायचं असेल, तर डिसेंबर लागायच्या आत आपापल्या बीटच्या वनरक्षकांना भेटा, विळा आणि पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घेऊन या. धूर दिसला तर थेट वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा, जागा सांगताना जवळचं देऊळ, पवनचक्की, पाण्याची टाकी असं काहीतरी सांगा म्हणजे आम्हाला शोधत बसावं लागत नाही.